क्लबमध्ये ब्लूज बँडचा लाइव्ह अल्बम: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ब्लूज हे समोरासमोरचं संगीत आहे. गायक ओळ म्हणतो, गिटार तिला उत्तर देते आणि त्यावरचं तिसरं उत्तर समोरच्या खुर्च्यांमधून येतं. बी. बी. किंग यांचं २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेलं मुद्रण ऐका. त्यातल्या श्रोत्यांच्या आरोळ्या काढून टाकल्या तर गाण्यांचा अर्धा जीव जाईल. क्लबमध्ये अल्बम करायचा तो यासाठीच. म्हणून क्लबचा स्टुडिओ करायच्या खटाटोपात पडू नका. खोली, माणसं आणि एका माइकमधून दुसऱ्यात झिरपणारा आवाज हे सगळं धरूनच बेत आखा.

इथला हिशोब पाच जणांच्या बँडचा आहे: ड्रम्स, बेस, गिटार, पियानो आणि हार्मोनिका वाजवत गाणारा गायक. दुसरी गिटार किंवा सॅक्सोफोन असेल तर तेवढे चॅनेल वाढतील, पद्धत तीच राहील.

आधी खोली ऐका

क्लब ठरवण्याआधी तिथे दोनदा जा, एकदा रिकाम्या वेळी आणि एकदा गर्दीच्या रात्री. रिकाम्या खोलीत स्टेजवर उभं राहून जोरात टाळी वाजवा. दोन समांतर भिंतींमध्ये आवाज फडफडत राहिला तर त्या जागी जाड पडदा लागेल. फडफड नसेल आणि खोली फक्त घुमत असेल तर फार घाबरू नका. भरलेल्या खोलीत कपडे आणि माणसं वरच्या पट्टीतला आवाज बराच शोषून घेतात. खालची घुमक मात्र माणसं शोषत नाहीत. बेसची एखादी नोट रिकाम्या खोलीत फुगत असेल तर ती रात्रीही फुगणारच.

मग गिटारवाल्याला त्याचा ॲम्प घेऊन बोलवा. सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) गिटार लावून, आवाज वाढवून, न वाजवता नुसतं ऐका. गिटार हातात धरून सावकाश गोल फिरल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली तर ती हवेतून, पिकअपमध्ये शिरते आहे. डिमर, निऑनच्या पाट्या आणि जवळचे ट्रान्सफॉर्मर हे नेहमीचे अपराधी. गिटार कशीही फिरवली तरी गुणगुण तेवढीच राहिली तर दोष वायरिंगमध्ये किंवा ग्राउंडमध्ये शोधा. दिवे रात्री ज्या पातळीवर असतील त्याच पातळीवर ठेवून ही तपासणी करा, कारण डिमरची खरखर दिवे अर्ध्यावर असताना सर्वात जास्त असते. बारमागचे फ्रिज आणि बर्फाचं यंत्र ठरावीक वेळाने सुरू होतं. ते संथ गाण्याच्या मधोमध सुरू झालं तर मागाहून काढता येत नाही. दोन सेटच्या वेळेपुरतं यंत्र बंद ठेवता येईल का, हे व्यवस्थापकाला आधीच विचारा. स्टेजवरचे ॲम्प आणि मुद्रणाची सामग्री यांची वीज एकाच जागेवरून घ्या आणि त्या जागेवर दुसरं काही लावू देऊ नका. संगणक आणि रेकॉर्डरला यूपीएस हवाच.

दोन रात्री, चार सेट

एका रात्रीत अल्बम होतो, पण त्या रात्री गायकाचा घसा बसला तर हातात काही उरत नाही. शक्य असेल तर त्याच क्लबमध्ये लागोपाठ दोन रात्री घ्या. रोज ४५ ते ५० मिनिटांचे दोन सेट करा. अल्बममध्ये हवी असलेली १० ते १२ गाणी दोन्ही रात्री वाजवा, बाकी जागा इतर गाण्यांनी भरा. दोन्ही रात्री मांडणी, माइक आणि गेन (माइकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते) तसेच राहिले पाहिजेत. तेव्हाच एका रात्रीचा तुकडा दुसऱ्या रात्रीत बसतो. पहिल्या रात्री सामान आवरताना फरशीवर प्रत्येक स्टँड आणि ॲम्पच्या पायांभोवती टेप लावा आणि फोटो काढून ठेवा.

पहिल्या सेटचं पहिलं गाणं अल्बमसाठी धरू नका. त्या गाण्यात हात आणि कान मोकळे होत असतात, गेन स्थिरावत असतो आणि लोक अजून खुर्च्या सरकवत असतात.

गाण्यांची लांबी आधीच मोजता येते. बारा बारचं एक आवर्तन म्हणजे चार-चारच्या ठेक्यात ४८ ठोके. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ते २४ सेकंदांत संपतं, ६० च्या संथ ब्लूजमध्ये ४८ सेकंद घेतं. म्हणजे संथ ब्लूजची दहा आवर्तनं झाली की आठ मिनिटं गेली. विनाइल काढायचा विचार असेल तर एका बाजूला १८ ते २२ मिनिटांपेक्षा जास्त भरू नये, त्यापुढे आवाजाची पातळी खाली आणावी लागते. तीन लांबलचक संथ गाणी एका बाजूवर बसणार नाहीत हे तालमीतच कळलेलं बरं.

पट्ट्याही लिहून काढा. ब्लूज बँड नकळत सगळं काही ई आणि ए मध्ये वाजवत राहतात. क्लबमध्ये ते चालून जातं, अल्बमवर सलग ऐकताना कंटाळा येतो. ओळीने तीन गाणी एकाच पट्टीत आणि एकाच लयीत नकोत. हार्मोनिकावादक बहुतेक गाणी सेकंड पोझिशनमध्ये वाजवतो, म्हणजे गाणं ई मध्ये असेल तर हार्प, म्हणजे हार्मोनिका, ए ची, गाणं जी मध्ये असेल तर सी ची. प्रत्येक लागणाऱ्या हार्पची दुसरी प्रत जवळ असू द्या. रीड दबून बेसूर होते किंवा तुटते ती नेमकी जोराच्या सोलोत.

पियानोचा सूर हा सर्वात जास्त दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. क्लबचा पियानो वीस-तीस सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) उतरलेला असेल तर गिटार आणि बेस त्याला जुळवून घेतील, पण हार्मोनिका त्या रात्री जुळवता येत नाही. उलट बऱ्याच हार्प ४४० हर्ट्झच्या, म्हणजे ए या सुराच्या ठरलेल्या मापाच्या, किंचित वर, ४४२ च्या आसपास लावलेल्या असतात. मग पियानो आणि हार्प एकत्र वाजू लागले की सगळं आंबट ऐकू येतं आणि मिक्समध्ये त्यावर इलाज नाही. मुद्रणाच्या दिवशी दुपारी, सामान लागण्याआधी, पियानो ४४० ला लावून घ्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तपासा. गर्दीच्या उष्णतेने आणि दमटपणाने सूर सरकतो.

कागदपत्रं

हे काम रुक्ष आहे, पण रात्रीनंतर करायला गेलं की महाग पडतं. क्लबशी लेखी ठरवा: मुद्रणाचा मालक कोण, क्लबचं नाव मुखपृष्ठावर वापरायचं का, सामान लावायला किती वाजता दार उघडणार. बँडमधल्या प्रत्येकाची, पाहुण्या वादकाचीसुद्धा, मुद्रण प्रकाशित करायला सही घ्या. दुसऱ्याची गाणी वाजवणार असाल तर मेकॅनिकल परवाना, म्हणजे ते गाणं मुद्रित करून प्रकाशित करण्याचा परवाना, लागतो. तो कसा मिळतो हे देशागणिक बदलतं. एखादं गाणं पारंपरिक आहे असं गृहीत धरू नका. जुन्या ब्लूज गाण्यांपैकी कित्येक रीतसर नोंदलेली आहेत आणि त्यांचे हक्कदार आहेत. कार्यक्रमाचं मुद्रण होत असल्याची पाटी दारावर, तिकीट घेताना दिसेल अशी लावा.

आवाज कुठून कुठे जाणार

दोन रस्ते आहेत. पहिला स्वस्त आणि सोपा: क्लबचा डिजिटल मिक्सर ३२ चॅनेल यूएसबीवर देत असेल (बेहरिंगर एक्स३२ आणि त्या जातीचे बरेच मिक्सर देतात) तर त्यातूनच प्रत्येक चॅनेल स्वतंत्र मुद्रित करा. आवाज इक्वलायझर आणि कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्रणेच्या) आधी, प्रीॲम्पनंतर (माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यानंतर) लगेच उचलला जातोय याची खात्री करा. या रस्त्यात एक खड्डा आहे. प्रीॲम्प एकच असल्यामुळे हॉलचा आवाज सांभाळणाऱ्याने गाण्याच्या मधे गेन फिरवला की तुमच्या मुद्रणातही पातळी उडी मारते. त्याच्याशी आधीच ठरवून घ्या: साउंड चेकनंतर गेनला हात नाही, जे करायचं ते फेडरने, म्हणजे पातळीच्या सरकत्या दांडीने.

दुसरा रस्ता स्प्लिटचा. प्रत्येक माइक ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्प्लिट बॉक्समध्ये जातो. त्याची थेट वाट एका मिक्सरला, विलग वाट दुसऱ्याला. फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) फक्त थेट वाटेने माइकपर्यंत पोचते, म्हणून ती कोण देणार हे ठरवा आणि त्याच बाजूने द्या. दोन मिक्सरमध्ये गुणगुण सुरू झाली तर विलग वाटेवरची ग्राउंड लिफ्टची कळ दाबा. विजेच्या प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका. गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ अशा अवस्थेत त्यातून जीव जाऊ शकतो.

मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर पुरेसं आहे. एक ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी घेतो. २० ट्रॅकचे तासाला १०.४ जीबी, साउंड चेक धरून चार तासांचे साधारण ४२ जीबी. प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल ठेवा. २० ट्रॅक एकाच फाइलमध्ये भरले तर ती २५ मिनिटांतच ४ जीबीची मर्यादा गाठते आणि काही रेकॉर्डर तिथे नवीन फाइल उघडताना अडखळतात. संगणक वापरत असाल तर बफर (आवाजाची तात्पुरती साठवण) १०२४ वर ठेवा, वाय-फाय, अपडेट आणि स्लीप बंद करा. शेजारी एक स्वतंत्र छोटा रेकॉर्डर मिक्सरच्या स्टीरिओ आउटवर चालू असू द्या. मुख्य मुद्रण मधेच थांबलं तर निदान काय वाजलं होतं हे तरी हाती राहतं.

माइक मांडताना

पाच जणांसाठी आमची मांडणी अशी असते: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वरचे माइक), फ्लोअर टॉम, बेसचा डीआय (माइकशिवाय थेट जोडणी), बेस ॲम्प, गिटार ॲम्प, पियानोचे दोन, हार्प ॲम्प, मुख्य गायन, साथीचं एक गायन आणि श्रोत्यांचे चार माइक. सतरा झाले. उरलेले तीन आयत्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोकळे ठेवा, केबल लावून, तपासून.

झिरपणाऱ्या आवाजाला, म्हणजे ब्लीडला, नवखे लोक फार घाबरतात. छोट्या स्टेजवर गाण्याच्या माइकमध्ये झांजा येणारच. प्रश्न एवढाच की त्या चांगल्या ऐकू येतात की वाईट. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक बाजूने आणि मागून येणारा आवाज घोगरा, बदललेल्या रंगाचा उचलतो, आणि स्वस्त माइकचा हा मागचा रंग फार वाईट असतो. म्हणून गायनाच्या माइकवर पैसे वाचवू नका. गायकाला स्नेअर आणि राइड झांजेच्या थेट रेषेतून अर्धा मीटर जरी बाजूला केलं तरी मोठा फरक पडतो. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कुठे ठेवायचा हे माइकवरून ठरतं. एसएम५८ सारख्या कार्डिऑइडला सर्वात कमी ऐकू येतं ते बरोबर पाठीमागून, म्हणून मॉनिटर समोर सरळ. बीटा ५८ए सारख्या सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा मागे जरा बाजूला, सुमारे १२० अंशांवर असते. तिथे दोन मॉनिटर तिरके ठेवावे लागतात.

ॲम्पचा आवाज हा मांडणीचा कणा आहे. २२ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प क्लबला पुरतो. गिटार ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर, किंचित मागे कलून ठेवा, म्हणजे तो वादकाच्या पोटऱ्यांऐवजी कानाकडे तोंड करेल आणि वादक आपणहून आवाज कमी करेल. एसएम५७ जाळीपासून तीन-चार सेमीवर, स्पीकरच्या मधल्या टोपीची कडा आणि बाहेरची कडा यांच्या मधोमध धरा. केंद्राकडे सरकवला की आवाज टोकदार, बाहेर सरकवला की मऊ होतो. इक्वलायझर फिरवण्याआधी माइक सरकवून बघा.

ड्रम्ससाठी दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून अगदी समान अंतरावर हवेत. मीटरभर दोरी घ्या, एक टोक स्नेअरवर धरा, दुसऱ्याने दोन्ही माइक मोजा. छत खाली असेल तर माइक छताला टेकवू नका. छतावरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून झांजा पोकळ करतो. त्यापेक्षा माइक खाली आणा. बेस वाजला की स्नेअरच्या तारा थरथरतात. गायक एकटा बोलत किंवा गिटारवर एकटा गात असताना ड्रमरने तारा सैल सोडायच्या, हे त्याला आधी सांगून ठेवा.

हार्मोनिकाला थोडा जास्त वेळ द्या, कारण ब्लूज बँडमध्ये सर्वात जास्त बिघडतं ते तिथेच. वादक बुलेट माइक (शुअर ग्रीन बुलेट किंवा ॲस्टॅटिक जेटी-३०) मुठीत हार्पबरोबर घट्ट धरतो आणि तो व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये लावतो. या माइकचा इम्पीडन्स (विजेला होणारा अवरोध) जास्त असतो, तो थेट मिक्सरला लावला तर आवाज पातळ आणि मेलेला येतो. ॲम्पसमोर एसएम५७ ठेवा, तोच खरा आवाज. ॲम्पमधून शिट्टी (फीडबॅक) येऊ लागली तर आधी ॲम्प वादकाच्या पाठीमागून काढून बाजूला न्या, मग ट्रेबल कमी करा, आवाज सर्वात शेवटी. हाच वादक कधी गाण्याच्या माइकवर साधी हार्प वाजवतो. तो जाळी मुठीत झाकतो तेव्हा माइकची दिशा पाहण्याची क्षमता जाते, तो चहूकडून ऐकू लागतो, पातळी एकदम चढते आणि मॉनिटर किंचाळतो. गायनाच्या चॅनेलचा गेन त्या क्षणासाठी जागा ठेवूनच लावा.

श्रोत्यांचे माइक

हे चार माइक नसतील तर बाकी तेरांचं मिक्स कितीही छान झालं तरी अल्बम बंद खोलीत वाजवल्यासारखा वाटतो. दोन लहान कंडेन्सर स्टेजच्या दोन्ही कडांना, दोन मीटरपेक्षा उंच, तोंड श्रोत्यांकडे, पाठ शक्य तितकी हॉलच्या स्पीकर्सकडे. दुसरी जोडी खोलीच्या मागच्या तृतीयांशात, छतालगत. बारपासून लांब ठेवा. ग्लासांचा किणकिणाट खोलीला जिवंत करतो, पण रिकाम्या बाटल्यांचा क्रेट ओतल्याचा आवाज गाणं मारतो. बारच्या मंडळींना गाण्यांची यादी द्या आणि संथ गाण्यांसमोर खूण करा, बहुतेक लोक आनंदाने सांभाळतात. कुठल्याही एका टेबलाच्या डोक्यावर माइक नको, नाहीतर अख्ख्या अल्बमभर एकाच माणसाचं हसू ऐकू येतं.

मागची जोडी आणि स्टेज यांच्यात अंतर असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. १२ मीटरवरच्या माइकमध्ये स्नेअर ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, मिक्समध्ये लागेल.

साउंड चेक आणि रात्र

साउंड चेकमध्ये कोणीही पूर्ण जोराने वाजवत नाही. लोक भरले, पहिली दाद मिळाली की सगळे ६ डीबी तरी वर जातात. म्हणून साउंड चेकच्या सर्वात मोठ्या गाण्यात शिखरं −१८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळी ०, तिच्याखाली १८ डीबी) आसपास असू द्या. रात्री ती −१२ ते −१० ला पोचतील. २४ बिटमध्ये पातळी कमी असल्याने काही बिघडत नाही, पण माथा तुटलेला आवाज परत येत नाही. एक पूर्ण गाणं मुद्रित करा आणि लगेच हेडफोनवर प्रत्येक ट्रॅक एकेकटा ऐका. मीटर हलतोय म्हणजे आवाज ठीक आहे असं नाही. सैल केबलची कुरकुर मीटरवर दिसत नाही.

दार उघडताच रेकॉर्डर सुरू करा, म्हणजे खोली भरत जातानाचा गजबजाट मिळतो. संपादनात सांधे झाकायला तो सोन्यासारखा. मग सेट संपेपर्यंत थांबवू नका. एकाने बंद हेडफोन लावून फक्त ऐकायचं आणि कागदावर घड्याळाची वेळ, गाणं आणि दोन शब्द लिहायचे: "दुसरं आवर्तन छान", "तार तुटली", "गायन कोरडं". दोन रात्रींनंतर हा कागद दहा तासांचं ऐकणं वाचवतो.

बँडला तीनच सूचना द्या, जास्त दिल्या तर ते जपून वाजवू लागतात. पहिली, शेवटचा कॉर्ड वाजल्यावर तीन-चार सेकंद कोणी बोलायचं नाही. झांज पूर्ण विरू दे. विरणाऱ्या कॉर्डवर गायकाने आभार मानले की तो शेवट कापता येत नाही, जोडताही येत नाही. दुसरी, सूर लावताना आवाज बंद ठेवायचा. तिसरी, गाणं पहिल्या दोन आवर्तनांतच कोसळलं तर सरळ थांबवा, हसा आणि पुन्हा सुरू करा. लोकांना हे आवडतं, दुसऱ्या वेळी ते जास्त जोरात साथ देतात. मधेच कोसळलं तर पूर्ण करा आणि सेटच्या शेवटी वन्स मोअर म्हणून पुन्हा घ्या.

क्लबमधून निघण्याआधी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर झाल्या पाहिजेत, आणि त्या डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या पिशवीत गेल्या पाहिजेत. प्रत उघडून शेवटचा मिनिट वाजवून बघा.

निवड आणि जोडकाम

आठवडाभर काही ऐकू नका, मग बँडसह फक्त स्टीरिओ मुद्रण ऐका. चूक नसलेलं गाणं शोधू नका. ज्यात ठेका बसलाय आणि गायक कोणाला तरी सांगतोय असं वाटतं ते घ्या. छोटी चूक दुसऱ्यांदा ऐकताना खटकत नसेल तर ती चूक नाही.

जोडायची वेळ आलीच तर अख्खं आवर्तन जोडा. समजा १२० च्या शफलमध्ये (झुलत्या ठेक्याच्या गाण्यात) गिटारच्या दुसऱ्या आवर्तनात टर्नअराउंडला (आवर्तनाच्या शेवटच्या वळणाला) बेस घसरला. दुसऱ्या रात्रीचं तेच आवर्तन काढा आणि मोजा. पहिलं २४ सेकंदांचं आहे, दुसरं २३.४ चं निघालं, म्हणजे लय १२३ झाली. ते जोडू नका. कानाला ढकलल्यासारखं लागतं, आणि सगळे ट्रॅक ताणायला गेलात तर झांजा चरचरतात. लयीतला फरक मिनिटाला एका ठोक्याच्या आत असेल तर पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या किकच्या काही मिलिसेकंद आधी, श्रोत्यांच्या माइकसकट सगळे ट्रॅक एकाच रेषेत कापा आणि १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढत आणणं) द्या. आधीच्या आवर्तनाअखेर झांज वाजली असेल तर तिची शेपूट तुटते, अशा वेळी सांधा एक बार अलीकडे न्या. स्टुडिओत जाऊन गायन पुन्हा म्हणून घेण्याचा मोह टाळा. जुनं गायन ओव्हरहेडमध्ये, पियानोत, श्रोत्यांत, सगळीकडे आहे आणि ते भुतासारखं मागून ऐकू येत राहतं.

टाळ्यांचे सांधे दोन ते चार सेकंदांचे ठेवा आणि त्याच रात्रीच्या टाळ्या वापरा. एखादी ठसठशीत शिट्टी किंवा आरोळी दोनदा आली की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो.

मिक्स

किक एकटी ऐकत सुरुवात करू नका. आधी ओव्हरहेड आणि श्रोत्यांचे माइक उघडा. मागच्या जोडीचे ट्रॅक मोजलेल्या अंतराला लागणाऱ्या वेळेएवढे अलीकडे सरकवा. बारा मीटरला ३५ मिलिसेकंद. पूर्ण सरकवली तर खोली लहान वाटते, म्हणून काही जण १० ते १५ मिलिसेकंद मागेच ठेवतात. दोन्ही करून पाहा. बँड जवळजवळ पूर्ण ऐकू यायला लागला की मग किक, स्नेअर, बेस आणि ॲम्पचे माइक थोडे थोडे आत आणा. बेसचा डीआय आणि ॲम्पचा माइक एकत्र वाजवून एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी-सुलटी करा. ज्यात तळ भरतो ते बरोबर.

वाद्यं स्टेजवर जिथे होती तिथेच पॅन करा, म्हणजे डावी-उजवीकडे मांडा. गिटार श्रोत्यांच्या डावीकडे असेल तर ओव्हरहेडमध्ये ती डावीकडूनच शिरलेली आहे. तिचा माइक उजवीकडे टाकलात तर गिटार दोन ठिकाणी पसरते आणि धूसर होते.

गायनाचा माइक हा ड्रम्सचाही माइक आहे हे विसरू नका. ओळींमध्ये तो बंद केला की प्रत्येक वेळी झांजांचा रंग बदलतो. गेट (आवाज कमी होताच माइक बंद करणारी यंत्रणा) लावू नका, ओळींमध्ये ४ ते ६ डीबी खाली आणा, बस. कॉम्प्रेसरने गायन ६ डीबी दाबून तेवढंच वर उचललं तर रिकाम्या जागेतल्या झांजाही ६ डीबी वर येतात. म्हणून आधी हाताने फेडर चालवून ओळी समान करा, मग ३:१ चा हलका कॉम्प्रेसर. १०० हर्ट्झखालचं गायनातून काढा, श्रोत्यांच्या माइकमधून १५० खालचं. रिव्हर्ब लागलाच तर छोटा. खोली आधीच मुद्रित झालेली आहे.

श्रोत्यांचे फेडर गाण्यात ३-४ डीबी खाली असतात. ते वर न्यायचे शेवटच्या कॉर्डबरोबर, टाळ्या सुरू झाल्यावर नाही. उशीर झाला की कोणीतरी दार उघडल्यासारखं वाटतं.

शेवटचा हात

मास्टरिंगमध्ये जोर लावू नका. बरेच स्ट्रीमिंग मंच आवाज −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप) आसपास आणूनच वाजवतात, त्यामुळे जास्त दाबलेलं मास्टर मोठं वाजत नाही, नुसतं सपाट होतं. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर) −१ डीबीवर थांबवा. संथ गाण्याची सुरुवात शफलपेक्षा हळू आवाजात असते ती तशीच राहू द्या.

संपूर्ण अल्बम एकसंध वाजला पाहिजे, म्हणून ट्रॅकच्या खुणा टाळ्यांच्या मधे पडतील. खूण गाण्याच्या गिनतीच्या किंवा नाव सांगण्याच्या अगदी आधी ठेवा, निवेदन आणि गप्पा आधीच्या ट्रॅकच्या शेवटी जाऊ देत. म्हणजे एकच गाणं लावणाऱ्याला मिनिटभर बोलणं ऐकावं लागत नाही. सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झवर ही खूण ५८८ नमुन्यांच्या पटीत पडली पाहिजे, कारण सीडीची एक फ्रेम तेवढीच असते, सेकंदाला ७५. तसं नसेल तर सलग टाळ्यांमध्ये दर ट्रॅकला बारीक टिक ऐकू येते. रेडिओसाठी दोन-तीन गाण्यांच्या वेगळ्या प्रती काढा, सुरुवातीला आणि शेवटी टाळ्या हळूहळू आत-बाहेर नेऊन. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी (मुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक घाला, गीतकारांची नावं परवान्यातल्या स्पेलिंगप्रमाणे भरा. मग शेवटचं मास्टर साध्या स्पीकरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवा, आणि प्रत्येक सांध्यापाशी, आधीची दहा आणि नंतरची दहा सेकंदं, हेडफोन लावून पुन्हा ऐका.